हो म्हणणाऱ्यांच्या उशा

४ मार्च

काका,

नमस्कार. वाकून केलाय असं धरून चाला. सकाळपासून खोळी शिवून कंबर धरलीये, म्हणून कागदावरच वाकते.

फोन न करता पत्र लिहायचं कारण तुम्हाला माहीत आहे. मागच्या वेळी मी फोनवर "नोकरी सोडली" म्हणाले आणि तुम्ही "छान, तब्येतीला जप" म्हणालात. तुमचं श्रवणयंत्र कपाटात, कपाटाला कुलूप. मोबाइलवर लिहावं तर त्या अक्षरांना तुम्ही मुंग्या म्हणता. तेव्हा हे घ्या, ठसठशीत अक्षरात: मी गाद्यांच्या दुकानातली नोकरी सोडली.

इतकी वर्षं मी तिथे लोकांना उशा विकल्या. लोक येतात, दोन बोटांनी उशी दाबतात, "मऊ आहे ना?" विचारतात आणि बगलेत मारून घेऊन जातात. चपला घेताना पाय घालून बघतात, पण उशीला डोकं लावून कुणी बघत नाही. रुंद खांद्याच्या माणसाला जाड उशी लागते, पालथं झोपणाऱ्याला अगदी चपटी. मी माप घेऊन उशी शिवणार, काका. खांदा, मान, झोपायची कूस, सगळं लिहून घेणार. कापूस पिंजायचं जुनं मशीनही आणलंय. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक काचेचं दुकान रिकामं आहे. मालक म्हणतो, एप्रिल संपेपर्यंत तुझ्यासाठी थांबतो, मग येईल त्याला देऊन टाकतो.

बाबा फक्त एवढंच म्हणाले, "मापाने उशी घेणारी माणसं गावात आहेत तरी किती?" हा प्रश्न मला फार झोंबला, म्हणून आकडे शोधायला निघाले.

बाजारपेठेचे अहवाल विकणारी एक कंपनी शोधली. फोनवरचा माणूस साखरेसारखा गोड. 'निद्रासामग्री' या विषयावर त्यांचा अहवाल तयार आहे म्हणे. किंमत ऐकल्यावर मी विचारलं, "यात दुकानही मिळतं का?" तो हसला नाही. नमुना म्हणून एक पान पाठवलं. वर मथळा, खाली सुबक तक्ता आणि आकड्यांच्या जागी काळे चौकोन. बाबांनी चष्मा लावून ते पान उलटसुलट केलं आणि म्हणाले, "या उशा फारच काळ्या आहेत गं."

म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही जन्मभर वीजमीटर वाचत घरोघरी फिरलात. कुठली घंटा किती वेळ दाबायची हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तुमच्या इमारतीत एवढं विचाराल का: कशी उशी वापरता, मान दुखते का, मापाने शिवून मिळाली तर घ्याल का?

काकू गेल्यापासून तुम्ही फारसे कुणाकडे जात नाही, हे बाबांनी सांगितलंय. त्यामुळे नको वाटलं तर सरळ नको म्हणा. मी रुसणार नाही. थोडीशी रुसेन.

तुमची,
भिंगरी

१२ मार्च

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात मोजून द्यायला नकोत.

नोकरी सोडलीस हे वाचून मी दादाला फोन करणार होतो, मग आठवलं की त्याचंही मला ऐकू येणार नाही. सोडलीस ती सोडलीस. गाद्यांच्या दुकानात उभी राहून राहून तुझे पाय गेले असते, आता शिवून शिवून कंबर जाईल. काहीतरी जायचंच.

तू माझ्याबद्दल फार मोठा गैरसमज करून घेतला आहेस. मी मीटर वाचायचो, माणसं नाही. दार उघडलं की "मीटर" म्हणायचं, बॅटरीचा झोत टाकायचा, आकडा लिहायचा आणि निघायचं. मीटरला कुणी "आपण उशी कशी वापरता" असं विचारत नाही. शिवाय या इमारतीत मला कुणी ओळखत नाही. ओळखतात त्या एकट्या तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई, त्यासुद्धा भांडणामुळे. त्यांच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर पडायचं. मी एकदा बोललो, त्या दोनदा बोलल्या, तेव्हापासून जिन्यात दोघंही भिंतीकडे बघून चालतो.

तरी तू विचारलंस म्हणून कपाटाचं कुलूप काढलं. यंत्राची बॅटरी संपलेली होती. खाली जाऊन नवी आणली. घातल्यावर कळलं की माझा पंखा किती कुरकुरतो, आणि मी त्याच्याखाली खुशाल झोपतोय!

रविवारी सुरुवात करतो. लोक घरी असतात, आणि रविवारी भांडायला सगळ्यांना वेळही असतो.

काका

१८ मार्च

काका,

बॅटरीबद्दल तुमचं अभिनंदन आणि पंख्याबद्दल सहानुभूती!

मीही गप्प बसलेले नाही. सार्वजनिक वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल बाई अशा आहेत की त्यांच्यासमोर शिंक आली तरी माणूस परवानगी मागेल. मी म्हटलं, "उशांचे आकडे हवेत." त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आत गेल्या आणि सरकारी घरखर्च पाहणीचे जाडजूड खंड टेबलावर ठेवले. "हे फुकट आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून कुणी बघत नाही."

काका, त्यात सगळं आहे! गावात घरं किती, घरात माणसं किती, साठीच्या पुढचे किती, कोण कशावर खर्च करतं. मी अधाशासारखी पानं उलटत गेले आणि माझी ओळ सापडली: 'गाद्या, उशा, पडदे व पायपुसणी'. चारही एकत्र! आता यातली उशी किती आणि पायपुसणं किती, हे कुणी सांगायचं? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही शोधायचं. सरकारने पायपुसण्यापर्यंत आणून सोडलंय."

त्यांनीच दुसरा पत्ता दिला. गादी-उशी बनवणाऱ्यांचा एक संघ आहे, रंगाच्या दुकानाच्या वर त्यांचं कार्यालय आहे. ते दरवर्षी एक पुस्तिका काढतात. विकत घ्यायची तर सभासद व्हावं लागतं, पण तिथे बसून वाचायला काही पडत नाही. खालच्या रंगाच्या वासाने डोकं धरलं, पण दुपारभर बसून मी उतरवून घेतलं. बातमी मात्र चांगली नाही. गावातली घरं दरवर्षी वाढतायत आणि नव्या उशांचा खप दरवर्षी घटतोय. सरकारी आकडे आणि संघाचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि वहीच मिटून टाकली. लोकांनी उशा घेणं सोडलं की काय?

आता सगळी भिस्त तुमच्यावर. कागदावरचे आकडे जुने असतात, तुमचे ताजे येतील.

तुमची,
भिंगरी

२६ मार्च

भिंगरे,

मिटलेली वही पुन्हा उघड. माझं सोडून इमारतीत वीस घरं. दोन बंद (त्यातलं एक माझ्या समोरचं), एकाने नको म्हटलं, उरलेल्या सतरा घरांनी मापाची उशी घेऊ असं सांगितलं. सतरा! माझ्या नोकरीत इतक्या लोकांनी इतक्या आनंदाने कधी दार उघडलं नव्हतं.

तू फक्त उत्तरं मागितली होतीस, पण लोक उत्तरांवर थांबत नाहीत. बसवतात, चहा देतात आणि बोलतात. अवांतर आहे ते सोडून दे, मला सांगावंसं वाटलं म्हणून लिहितो.

तळमजल्यावर बसचालक राहतात, तुमच्या गावावरून रोज गाडी नेतात. ते म्हणाले, "घेईन की, अवश्य!" मग आतून स्वतःची उशी आणून दाखवली. दुमडून डोक्याखाली घेतात. "झोपताना दुमडतो, पहाटेपर्यंत ती उलगडते, मग मीही उलगडतो." पहिल्या मजल्यावर व्हायोलिन शिकवणारे मास्तर. त्यांची उशी वसतिगृहात शिकत होते तेव्हाची. मला म्हणाले, "टिचकी मारा, सूर ऐकू येईल." मारली. खरंच पाटासारखी वाजली. बायको दरवर्षी टाकून देते, हे दरवर्षी परत उचलून आणतात. चौथ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत हो म्हटलं. त्यांच्या कुत्र्याने तुझी प्रश्नावली खाल्ली, म्हणून पुढचे प्रश्न तोंडपाठ विचारले.

सगळ्यात शेवटी तिसरा मजला. बाईंनी दाराची साखळी न काढता विचारलं, "पाण्याबद्दल असेल तर कुंड्या हलवल्यात मी."

"पाण्याबद्दल नाही. उशीबद्दल."

"काय?"

"उशी. आपण कशी वापरता?"

त्यांना वाटलं, मला पुन्हा ऐकू येईनासं झालं. मग साखळी निघाली. त्यांनीही आपली उशी आणली. इतके गोळे, की मी म्हटलं, "हिच्यावर झोपता कशा?" तर म्हणाल्या, "हिच्यात डोंगर आहेत खरे, पण मला सगळ्या वाटा पाठ आहेत." नवी घ्याल का विचारल्यावर म्हणाल्या, "घेईन ना. तुमची पुतणी म्हणता, तर का नाही घेणार?"

दुकान घेऊन टाक. काचा मोठ्या असू देत.

काका

३१ मार्च

काका!

सतरा! बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा स्वतः वाचलं, आणि आमच्या घरात त्याला शाबासकी म्हणतात. दुकानाच्या मालकाला निरोप पाठवलाय की सोमवारी सही करायला येते. पाटीचा रंगही ठरवला.

तुमच्या दंतवैद्यांच्या कुत्र्याला माझ्यातर्फे थोपटा.

संध्याकाळी पुन्हा लिहायला घेतलं, पाकीट अजून बंद केलं नव्हतं. वाचनालयात खंड परत द्यायला गेले होते. ग्रंथपाल बाईंना मोठ्या ऐटीत सतराचा आकडा सांगितला. त्या शिक्के मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "छान. यातल्या किती जणांनी माप दिलं?"

मी म्हटलं, माप कुठे मागितलं?

त्या म्हणाल्या, "मग मागा."

काका, तिथून मी थेट दुकानाच्या मालकाकडे गेले. सोमवारची सही पुढे ढकललीय. पुन्हा एकदा त्रास देते. त्या सतरा घरी जाऊन म्हणाल का, की खांद्याचं आणि मानेचं माप द्या, थोडी आगाऊ रक्कम द्या, पुढच्या पंधरवड्यात उशी हातात? उगाच शंका नको राहायला.

भिंगरी

९ एप्रिल

भिंगरे,

पत्र मिळालं. इकडे सगळं उत्तम.

परवा मास्तरांच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला. मला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं. नव्या बॅटरीचा त्या दिवशी पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. पण मुलं गोड होती, आणि एका मुलीने चुकल्यावर स्वतःच टाळ्या वाजवल्या. मध्यंतरात बँकवाल्या बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांना बुद्धिबळ येतं. मला येतं असं मी सांगितलं, ते पूर्ण खरं नव्हतं, ते त्यांना पाचव्या चालीत कळलं. बसचालकांनी माझा पंखा खाली उतरवून तेल घातलं, आता तो मांजरासारखा गप्प फिरतो. हवा छान आहे. जिन्याला नवा रंग लागतोय, फिकट पिवळा.

पाहणीचं काम चालू आहे.

तब्येतीला जप.

काका

१३ एप्रिल

काका,

पंखा, बुद्धिबळ, जिन्याचा रंग, सगळं वाचलं, मजा आली. पण "तब्येतीला जप" तुम्ही तेव्हा म्हणता जेव्हा समोरच्याचं ऐकू आलेलं नसतं. या वेळी तर मी कागदावर विचारलं होतं.

किती जणांनी माप दिलं? काय असेल ते लिहा. मी मोठी आहे.

भिंगरी

१७ एप्रिल

भिंगरे,

एकानेही नाही.

तुला कसं लिहावं हे सुचत नव्हतं म्हणून जिना रंगवत बसलो. बसचालक म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मास्तर म्हणाले, आधी हिला विचारतो, आणि तिला विचारायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. दंतवैद्यांनी मात्र मागणी नोंदवली. कुत्र्यासाठी. मापही दिलं, ते सोबत पाठवतोय, शेपूट धरून आहे.

बँकवाल्या बाईंनी मला बसवून विचारलं, "पहिल्या वेळी तुम्ही लोकांना नेमकं काय म्हणालात?" मी सांगितलं: माझी पुतणी फार हुशार आहे, नोकरी सोडून दुकान काढतेय, तिच्या उशा घ्याल का? आणि तुझा फोटोही दाखवायचो, तो पिवळ्या फ्रॉकमधला. बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अहो, दारात एवढा भला माणूस पहिल्यांदाच आलेला, हातात पोरीचा फोटो. नाही म्हणायला काय दगडाचं काळीज हवं? आणि नुसतं हो म्हणायला पैसे थोडेच पडतात?"

म्हणजे घोळ मी घातला. तुझा बाजार मोजायला गेलो आणि लोकांचा चांगुलपणा मोजून आलो. दुकान घेऊ नकोस. माझ्याकडून तुझं नुकसान व्हायला नको होतं.

काका

२२ एप्रिल

काका,

तुम्ही नुकसान नाही केलंत, वाचवलंत. सोमवारी सही केली असती तर आज काचेच्या दुकानात बसून मी कुत्र्याचं माप बघत असते. (घेतलंय करायला. शेपटीला सूट दिलीय.)

एक दिवस मात्र मनसोक्त रडले. बाबा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "गाद्यांच्या दुकानात परत विचारू का तुझ्यासाठी?" मी नको म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं. मलाही विचारायचं नव्हतं." आणि चहा टाकायला गेले. त्यांचा चहा कसा असतो तुम्हाला माहीत आहे. रडणं आपोआप थांबलं.

मग मी तुमचं २६ मार्चचं पत्र पुन्हा काढलं. सतराचा आकडा सोडून बाकीचं वाचलं, ज्याला तुम्ही अवांतर म्हणालात ते. काका, तुम्ही नवी उशी विचारायला गेलात आणि प्रत्येक जण आत जाऊन जुनी घेऊन आला! कुणी सांगितलं होतं त्यांना? दुमडलेली, वाजणारी, डोंगरांची. सगळे तिच्याबद्दल तक्रार करतात आणि टाकायला कुणीही तयार नाही.

संघाच्या पुस्तिकेत नव्या उशांचा खप घटतोय आणि सरकारी खंडात घरं वाढतायत, आठवतं? मला वाटलं होतं बाजार संपत चाललाय. पण माणसं काही उशीशिवाय झोपत नाहीयेत. जुन्याच उशांवर झोपतायत! तेच दोन आकडे, मीच उलटे वाचले.

तर आता नवी उशी विकायचीच नाही. त्यांचीच उशी उसवायची, कापूस पिंजायचा, त्यांच्या खांद्याला हवा तेवढा भरायचा आणि खोळ शिवून परत द्यायची. मशीन आहे, हात आहेत.

शेवटचं एकदा जाल? या वेळी पुतणी नाही, फोटो नाही. "एक कारागीर आहे, जुनी उशी दुरुस्त करून देते, इतकी मजुरी पडेल." आणि "आवडेल का" असं अजिबात विचारायचं नाही. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, द्या उशी. मजुरीचा कागद सोबत जोडलाय. उशा जमल्याच, तर बसचालकांना विचारा, गाडीतून टाकतील का.

कोपऱ्यावरचं दुकान मी आज सोडलं. मालक म्हणाला, विचार कर. मी म्हटलं, तोच केला.

भिंगरी

५ मे

भिंगरे,

घाईत लिहितोय, बसायला जागा नाही. खुर्चीवर उशा आहेत.

पहिल्या दिवशी तिघांनी दिल्या. मास्तरांच्या बायकोने तर माझ्या हातात कोंबली आणि "हे शिकवणीत आहेत तोवर पळा" म्हणाली. मी खरोखर पळालो. दुसऱ्या दिवशी लोक स्वतःहून यायला लागले. शेजारच्या इमारतीतूनही आले. फोटो दाखवला नाही, तुझं नावही काढलं नाही, शपथ. बँकवाल्या बाई सोबत होत्या, त्यांनी मजुरी आधी घेऊन पावत्या फाडल्या. पावती फाडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी याआधी पाहिलेलं नाही.

एक अडचण आली, ती तुझ्या कुठल्याच खंडात नसेल. माणूस उशी देतो, दोन पावलं जातो, परत येतो आणि विचारतो, "मग आज कशावर झोपू?" दोघांनी याच कारणाने परत नेल्या. म्हणून मी आणि बाईंनी बाजारातून थोड्या साध्या उशा आणल्या, तोवर वापरायला देतो. तू हे धंद्यात धरून ठेव. उशी नेणाऱ्याने आधी उशी दिली पाहिजे.

सगळ्या उशांना चिठ्ठ्या शिवल्या आहेत: मजला, कूस, खांदा, तक्रार. बसचालक उद्या मागच्या आसनांवर टाकून आणतील. प्रवाशांनी टेकायला घेतल्या तर घेऊ दे म्हणालो, चाचणी होईल.

एक निळ्या फुलांची आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: 'दुसरा मजला, ग्राहकाने नाव सांगण्यास नकार दिला.' तिचा कापूस बदलू नये. फार पिंजूही नये. खोळ विरली आहे, तेवढं बघावं.

काका

१९ मे

काका,

उशा आल्या. सोबत दोन प्रवाशांचे फोन नंबरही आले, त्यांना त्यांच्या घरच्या दुरुस्त करून हव्यात.

मास्तरांच्या उशीत कापसाबरोबर एक पेन्सिल, एक मोजा आणि कुठल्याशा परीक्षेचं प्रवेशपत्र सापडलं. धुऊन, वाळवून परत पाठवतेय, मोज्यासकट. बँकवाल्या बाईंचे डोंगर फोडले, पण एक लहानशी टेकडी डाव्या बाजूला मुद्दाम ठेवली. एकदम सपाट केलं तर वाट चुकतील.

बातमी मोठी आहे. जागा मिळाली! कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या बाई आहेत ना आमच्या गल्लीत, त्यांच्या दुकानाचा मागचा अर्धा भाग. लोक चादरी घेऊन त्यांच्याकडे येतातच, आता उशाही आणतील. काच एकच आहे, तीही तडकलेली, पण मशीन अगदी चपखल बसलं. वाचनालयात सांगायला गेले. ग्रंथपाल बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलाखालून एक पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. आत उशी. "सकाळपासून ठेवलीय," म्हणाल्या, "तुम्ही येईपर्यंत गप्प बसले होते." काका, त्या हसतात! दातसुद्धा दिसतात!

निळ्या फुलांच्या उशीबद्दल. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, त्यातलं एक तुम्हीच बंद लिहिलं होतंत. मी नाव विचारत नाही. कापसाला हात लावला नाही. उन्हात ठेवली, दुपारभर जवळ बसून राहिले, शेजारणीचं मांजरसुद्धा येऊ दिलं नाही. जुनी खोळ काढलेली नाही, तिच्यावरूनच नवी चढवलीय, निळ्या फुलांचीच. अगदी तशी फुलं मिळाली नाहीत, जरा मोठी आहेत. ग्राहकाला चालतील ना, कळवा.

मजुरी पाठवू नका. त्या ग्राहकाने मला लहानपणी वेण्या घालून दिल्यात.

बाबांनी एक निरोप द्यायला सांगितलाय, आणि माझाही तोच आहे. आमची माडीवरची खोली रिकामी आहे. खिडकीतून झाडं दिसतात. तुम्ही इथे राहायला या, काका. पाहुणे म्हणून नाही, कायमचे. मलाही दुकानात माणूस हवं. एकटे तिकडे कशाला राहता?

तुमची,
भिंगरी

४ जून

भिंगरे,

ग्राहकाला फुलं चालतात. थोडी मोठी आहेत, पण तुझ्या काकूलाही मोठीच आवडली असती, दुकानात मिळायची नाहीत म्हणून ती लहान घ्यायची. पहिले दोन दिवस उशी नुसती खुर्चीवर ठेवली. मग एक दिवस दुपारी डोकं टेकलं आणि संध्याकाळीच जाग आली. इतकी झोप मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. यापेक्षा जास्त लिहायला जमणार नाही.

उशा वाटल्या. मास्तर टिचकी मारतात, सूर येत नाही, म्हणून आधी नाराज होते. दुसऱ्या दिवशी मान वळवून दाखवायला खाली-वर सगळ्या मजल्यांवर फिरून आले. बसचालकांना आता दुमडावी लागत नाही. बाईंनी टेकडी ओळखली. त्या दिवशी बुद्धिबळात मला जिंकू दिलं. कुत्रा मात्र नव्या उशीच्या शेजारी, जमिनीवर झोपतो.

आता तुझ्या निरोपाबद्दल. दादाला सांग, मला भरून आलं. खोली चांगली आहे, झाडंही असतील. पण मला यायला जमणार नाही गं, वेळच नाही. सोमवारी आणि गुरुवारी उशा गोळा करायच्या असतात, आता तीन इमारती झाल्या. बुधवारी बुद्धिबळ. शनिवारी मास्तर मला व्हायोलिन शिकवतात, हसू नकोस, आणि त्या दिवशी शेजारी उशीतला कापूस कानात घालतील असं ते म्हणतात, तेव्हा त्यांनाही हसू नकोस. तुला दुकानात माणूस हवं, तसं मला इथे काम हवं. गठ्ठे पाठवत राहीन. दोन दिवस भेटायला मात्र नक्की येतो, बसचालक मागची दोन आसनं ठेवतात, एकावर उशा, एकावर मी.

आणि एक गंमत. लोक यायचे, घंटा वाजवायचे आणि मला ऐकू यायचं नाही, यंत्र काढून ठेवलेलं असलं की. परवा सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली आणि घंटेला दिवा जोडून दिला. बाहेर कुणी बटण दाबलं की माझ्या टेबलावर लाल दिवा लागतो. काल दिवसभरात इतक्या वेळा लागला की दंतवैद्य म्हणाले, बल्ब जाईल. आजचं हे पत्रही मी किती वेळा उठून पुरं करतोय

लागला बघ. बँकवाल्या बाई हातात मोठं काहीतरी घेऊन उभ्या आहेत, दाराच्या काचेतून दिसतंय. बघून येतो.